कोंडीबाच्या बापाचं नाव

बोरखडी, ता. ९ जून १९४८

सांगलीच्या रावसाहेबांस, बोरखडीच्या अडाणी वहिनीचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं. तुमचा भाऊ इटलीत लढाईत पडला तवा दोन ओळी आल्या हुत्या, त्यानंतर ह्येच. पाकिटावर "श्रीमती बनुबाई आकाराम यांस" आणि आत "सप्रेम नमस्कार" बघून मला वाटलं पोस्टमन घर चुकला. मग खाली सही बघितली, इंग्रजीत. तवा पटलं की ह्ये आपलंच बेणं.

मला शुद्ध लिवता येतं ह्ये तुमाला ठावं हाय. माझा बा सत्यशोधक जलशात हुता, त्येचं वग मीच उतरून काढायची. पण शुद्ध लिवायला समोर माणूसबी तसं लागतंय. तुमाला मी बोलते तसंच लिवणार. लग्न हुऊन ह्या घरात आले तवा तुमचं शेंबूड पुसायचं काम मला लागलं हुतं, तसल्या बाईकडनं जादा अदबीची आशा करू नका.

तर तुमी लिवता, कोंडीबाच्या जल्माच्या नोंदीत "किरकोळ दुरुस्त्या" करायच्या हायत. मी वाचलं, परत वाचलं. पोराचं नाव कोंडीबा हाय, ते अनंत पायजे. बापाचं नाव आकाराम हाय, ते तुमचं, जोतीराम पायजे. आईचं नाव बनुबाई हाय, ते तुमच्या बायकोचं, साळूबाई पायजे. तारीख तेवढी मेहेरबानी करून हाय तशी ठेवलीया तुमी. किरकोळ! आवं, त्या ओळीत मग उरलं काय? गावाचं नाव. तेबी बदला की. बोरखडीत जल्मला म्हटलं तर सांगलीच्या इंग्रजी शाळेत तुमचं नाक कापलं जाईल.

आणि वर लिवलंय, "ही चूक कशी झाली कळत नाही." वा रे वा! कळत न्हाई व्हय? मग मी सांगते, बसा खुर्चीवर.

साळूची पयली दोन पोरं पाचवी पुजायच्या आत गेली. तिसरं झालं ते ह्ये. आपल्यात रीत हाय, पोरं जगत न्हाईत त्या बाईनं नवं पोर पाटीत घालून उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या बाईनं ते उचलायचं, म्हंजे ते टाकलेलं पोर झालं, त्येच्याकडं कुणाची नजर वळत न्हाई. मग आईनं सूपभर कोंडा देऊन ते परत इकत घ्यायचं, म्हणून नाव कोंडीबा. सकाळी टाकलेलं पोर दुपारी आईच्या पदराखाली. माझा असल्यावर इस्वास न्हाई. माझ्या बाला कळलं असतं तर त्येनं मला दारात हुबं केलं नसतं. पण साळूच्या तोंडाकडं बघवंना, म्हणून मी पोर उचललं. ती कोंड्याचं सूप घेऊन भितीला टेकून हुबी हुती. हात पुढं केला तिनं, आणि मधी तुमी आडवं आलासा.

म्हणालासा, एवढ्यानं भागायचं न्हाई, पोरं न्हेणारी सटवाई लय हुशार हाय, ती सरकारी दप्तरात नाव बघंल. इंग्रजी चौथी शिकलेला माणूस ह्यो! चावडीत गेलासा आणि तात्याबा पाटलाला नोंद दिलीसा: बाप आकाराम, आई बनुबाई. खबर देणार म्हणून खाली सोताची सही ठोकलीसा, तीबी इंग्रजीत. सटवाईला वाचता येऊ ने म्हणून असंल. आवं, सटवाई काय विट्याच्या कचेरीत कारकून लागलीया? मी त्याच दिशी हसले हुते. तुमच्या भावालाबी मी पलटणीत कळवलं हुतं, त्योबी हसला असंल.

मग जतकडचा त्यो देवऋषी आणलासा, अर्धा कानडी बोलणारा. साळू आत बाजेवर हुती, मी दारात हुते. माझ्या कानांनी ऐकलंय मी, त्यो म्हणाला, दुधाचे दात पडेपतुर आईबापानं पोराचं तोंड बघू ने. तुमी ओल्या बाळंतिणीला गाडीत घालून सांगलीला न्हेलंसा. मागं पोर शेळीच्या दुधावर वाढलं. त्येचं दुधाचं दात कवाच पडलं, मीच ते कौलावर फेकलं. तुमी आलासा न्हाई. तुमाला दुसरं पोर झालं न्हाई, शाळेत घालायला घरात कुणी न्हाई, तवा आता ह्येची आठवण झाली. 

तुमी म्हणता, नोंदीत आई म्हणून माझं नाव हाय, तवा मी मामलेदारापुढं "मी आई न्हवं" असं लिवून दिल्याबिगर दुरुस्ती हुत न्हाई. ह्ये बाकी लय चांगलं केलंय सरकारनं. मी लिवून देत न्हाई. पोरगं माझं हाय. उत्तरासाठी जोडलेलं तिकीट ह्याच पत्राला लावलंय, आमी कुणाचं ठेवत न्हाई.

बनुबाई

•

बोरखडी, ता. २ जुलै १९४८

रावसाहेब,

तुमी पाठवलेला मसुदा तात्याबा पाटलानं आणून दिला. म्हातारा आता थकलाय, काठी टेकत आला, ओसरीवर बसला, आणि कागद पुढं करताना माझ्याकडं बघंना. बेचाळीसच्या गडबडीत चावडी जळली तवा गावची वही जळली, त्येला वाटलं सुटलो बाबा. पण नक्कल तालुक्याला जात हुती, ती तितं खुशाल बसलीया. मी म्हटलं, तात्याबा, तुमी वाचलंय का ह्ये? म्हणाला, "वाचलंय बाई, म्हणून तर वर बघवंना."

काय लिवलंय तुमी! "मी, बनुबाई, मला मूलबाळ नसल्याने धाकट्या जावेचे मूल आपले म्हणून दाखवण्याच्या हेतूने पाटलास खोटी खबर दिली व माझे दीर जोतीराम यांस अंधारात ठेवले." असं मी म्हणायचं, आणि खाली सही करायची.

जोतीरामराव, तुमाला अंधारात ठेवायला तुमच्या डोस्क्यात दिवा लागलाय कवा?

आता मला समजलं घोडं कुठं पेंड खातंय. संस्थान इलीन झालं. संस्थानातल्या तुमच्यासारख्या कारकुनांना मुंबई सरकार नोकरीत घेणार म्हणं. नोंद नीट करायची तर कुणीतरी सांगाया पायजे की खोटी खबर दिली कुणी. तुमी दिली म्हटलं तर सायेब इचारणार, असला माणूस दप्तरात कशाला बसवायचा? म्हणून वहिनीनं चोरटी व्हायचं. वहिनीला नोकरी न्हाई, वहिनीला अब्रू तरी कशाला पायजे!

तात्याबाला मी चहा दिला आणि सांगितलं, जोतीरामला सांगा, वहिनीनं कागदात शेव बांधून खाल्ली. तशी मी खाल्ली न्हाई, कागद जपून ठेवलाय. तुमचं अक्षर लय वळणदार हाय, पोराला कित्ता म्हणून दाखवीन म्हणते.

आता एक गोष्ट नीट वाचा, ही चेष्टेची न्हवं. तुमी तिघांची नावं खोडाया निघालाय. माझं सोडा. पण आकारामचं नाव खोडायचं म्हंजे काय, ह्येचा इचार केलासा? लढाई सुरू व्हायच्या आधी त्यो सुट्टीवर आला हुता. कोंडीबा तवा रांगत हुता. तुमच्या भावाला मी समदं परत तोंडानं सांगितलं, उकिरडा, चावडी, तुमची इंग्रजी सही. त्येनं पोर उचललं आणि म्हणाला, "माझ्या नावावर लावलाय न्हवं? मग माझाच. आता जोत्या मागाया आला तरी देणार न्हाई." मग त्यो गेला. इटलीतनं पत्रं यायची त्यात माझं इचारणं एका ओळीत आणि पोराचं पानभर. त्येची माती कुठं पडलीया मला ठावं न्हाई. हितं घरात त्येचा फोटू न्हाई, पलटणीत काढलेला हुता त्यो कुणाकडं गेला कोण जाणे. जगात एकाच ठिकाणी लिवलंय की आकाराम कुणाचा तरी बाप हुता. ते तुमी खोडायला सांगता, आणि वर लिवता किरकोळ.

न्हाई म्हंजे न्हाई.

बनुबाई

•

बोरखडी, ता. २१ जुलै

जोत्या,

आता तुमी-बिमी ऱ्हाऊ दे. तू काल गावात आलास आणि माझ्या दाराकडं फिरकला न्हाईस. छत्री, बूट, धोतराचा काष्टा चिखलातनं उचलून धरलेला, समद्या आळीनं बघितलं. सरळ शाळेत गेलास. मास्तरला म्हणालास "अनंतला बाहेर बोलवा." मास्तर म्हणाला, आमच्यात अनंत न्हाई. मग कोंडीबाला बाहेर काढलंस, हातात भडंगाचा पुडा दिलास आणि सांगितलंस, मी तुझा बाप, ती बाई तुझी आई न्हवं, तिनं तुला आमच्याकडनं चोरलं.

पोराला तू काय सांगतोस ह्येची तुला शुद्ध हाय का रं?

त्यो घरी आला आणि दप्तर दारातच टाकलं. जेवला न्हाई. भडंगाचा पुडा न फोडता चुलीपुढं ठेवला. मी इचारलं काय झालं, तर उठून म्हशीकडं गेला. म्हशीला पाणी पाजून आला. मग एकदम म्हणाला, "आये, तू मला चोरलंस व्हय?" मी तापलेला तवा तसाच खाली ठेवला. माझ्या हाताला चटका बसला तेबी मला नंतर कळलं.

उकिरड्याचं त्येला पयल्यापासनं ठावं हाय. गावात कोंडीबा नाव असलेल्या समद्या पोरांना आपली गोष्ट ठावं असती, ती हसत सांगत्यात. पण नंतर काय झालं ते मी त्येला सांगितलं नव्हतं. तुझ्यासाठी न्हवं. साळूसाठी. आईनं टाकलं असं पोराला वाटू ने म्हणून. काल सांगावं लागलं. तुझा बाप त्यो छत्रीवाला हाय, तुझी आई सांगलीला हाय, आणि मी तुला चोरलं न्हाई, तिच्या हातातनं तू माझ्या हातात आलास. त्यो म्हणाला, "मग ती कवाच का आली न्हाई?"  साळूचा मला लय राग हाय, ते तुला सांगाया लाज न्हाई वाटत. तुझं एक सोड, तू जल्मापासनं असाच. पण बाई असून ती दहा वर्सांत एकदा चोरून तरी बघाया आली न्हाई, ह्येचं मला कोडं हाय.

पोरगं आता माझ्याकडं बघतंय ते निराळंच बघतंय. वाढलं तर खातंय. ते तू केलंस. नांगरटीत बैलाला चाबूक मारणाऱ्या माणसाला मी दोन शिव्या दिल्या असत्या, तुला द्यायला माझ्याकडं तेवढ्या शिव्या न्हाईत.

परत शाळेत पाय ठेवलास तर मास्तरच्या आधी मी तितं असंन.

बनू

•

ता. ३० जुलै

वकिलाची नोटीस पोचली. पोस्टमननं सही घेतली, मी दिली, तेवढीच सही मिळाली म्हणून आनंद मान. वकिलानं मला "सदरहू बाई" म्हटलंय. लय दिवसांनी कुणी माझं एवढं नाव घेतलं.

नोटिशीत लिवलंय, पंधरा दिवसांत जबानी दिली न्हाई तर पोराचा ताबा मागणार. माग. मामलेदारापुढं आधी तू सांगशील की खबर देणार जोतीराम ह्यो जोतीराम न्हवं, कुणी दुसराच इंग्रजी शिकलेला गाढव हुता.

बनुबाई

•

बोरखडी, ता. ११ ऑगस्ट १९४८

जोतीराम,

नदीवर, घाटावर, तिच्या म्हायेरी, कुठं कुठं हुडकलं असशील. हुडकू नको. साळू हितं हाय.

परवा दुपारच्या मोटारीनं विट्याला उतरली आणि तितनं चालत आली. एकटी. पायात चपला न्हाईत, वाटेत तुटल्या म्हणाली. मी ओसरीवर शेंगा फोडत बसले हुते. दारात बाई हुबी, पदर तोंडावरनं खाली ओढलेला, पाठ माझ्याकडं आणि तोंड भितीकडं. मला वाटलं कुणी भिक्षेकरीण. म्हटलं, बाई, पुढं या, पीठ घालते. तर पदराआतनं आवाज आला, "आक्का, मी साळू. पोरगं घरात असलं तर त्येला आधी आत न्ह्या. मी बघणार न्हाई. मला नुसता त्येचा आवाज ऐकवा."

मी म्हटलं, बघणार न्हाईस? मग आलीस कशाला, भित बघाया?

तर म्हणाली, "अजून तप पुरं झालं न्हाई. दोन वर्सं राहिली. मी बघितलं तर त्यो जाईल."

जोत्या, मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मी इचारलं, कसलं तप? कुणी सांगितलं? आणि तिनं सांगितलं. तू तिला सांगितलं हुतंस, देवऋषी म्हणाला बारा वर्सं तोंड बघायचं न्हाई. तिनं म्हटलं, लांबनं बघते, तर म्हणालास, लांबनं बघितलं तरी जातंय. तिनं म्हटलं, आक्कांना इचारा, तर म्हणालास, आक्का पत्राला उत्तर देत न्हाई, आक्का पोराला हात लावू देत न्हाई, आक्का म्हणती टाकलेल्या पोरावर टाकणारीचा हक्क न्हाई. दहा वर्सं! भाऊ गेल्याच्या त्या दोन ओळी सोडल्या तर मला तुझं एक पत्र न्हाई, आणि तिकडं माझी उत्तरंबी तूच दिलीस.

आणि कशापायी रं? मी इचार करून करून दमले. नुसतं तुला सांगलीत पोराचा उपद्व्याप नको हुता म्हणून? बिऱ्हाड नवं, नोकरी नवी, सायबाच्या घरी बायकोला घेऊन चहाला जायचं, म्हणून? का एकदा थाप मारली आणि मग ती मोडायला तोंड न्हाई म्हणून? मला वाटतंय ह्येच शेवटचं खरं असंल. तू लबाडसुदिक पुरता न्हाईस, जोत्या. पुरत्या लबाडाला निदान काही पायजे असतं.

आता तूच बारा वर्सं व्हायच्या आत पोरगं सांगलीला आणायला निघालास, तवा तिला कोडं पडलं. तिनं तुला इचारलं, मग तपाचं काय? तू म्हणालास, "हल्ली तसलं कोणी मानत नाही." एवढ्यावर ती उठली आणि मोटारीत बसली. बाईला लिवता वाचता येत न्हाई, पण तिला बेरीज वजाबाकी येती.

कोंडीबा मागल्या दारानं आला. ती भितीला आणखी चिकटली, डोळं गच्च मिटलेलं, पदर दातात.  मी पोराला जवळ बोलावलं आणि म्हटलं, आ कर रं. त्यो म्हणाला, का? म्हटलं, आ कर म्हणते न्हवं. त्येनं आ केला. मी साळूचा पदर धरून बाजूला ओढला, तिची हनुवटी धरून तोंड फिरवलं आणि म्हटलं, बघ! दात बघ त्येचं. एक तरी दुधाचा हाय का? पुढचं दोन तर फावड्यागत आल्यात. देवऋषी एवढंच म्हणाला हुता, दात पडेपतुर. मी दारात हुते. कवाच फिटलंय ते.

तिनं बघितलं. बाजारात बैलाचं दात बघत्यात तसं पयल्यांदा दात बघितलं, मग नाक, मग कपाळ. पोरगं आ वासून हुबं, त्येला वाटलं आयेचं डोस्कं फिरलं. मग त्येनं तोंड मिटलं आणि इचारलं, "ही सांगलीची आई व्हय?" साळू खालीच बसली. त्येचं गुडघं धरून बसली. मी आत गेले. चुलीत जाळ नव्हता तरी फुंकत बसले, कारण मला बाहेर बसवंना. दहा वर्सं मी ह्या बाईला मनात शिव्या दिल्या, आणि ती तिकडं तुझ्यासारख्याच्या घरात भाकरी थापत दिवस मोजत हुती. ह्येचा मला लय त्रास झाला. खोटं सांगत न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी काय करावं तिनं? कुठनं तरी सूप आणि कोंडा घेऊन माझ्यापुढं हुबी. "आक्का, ते ऱ्हायलंय न्हवं." मी म्हटलं, साळे, ते म्हशीला घाल. आपल्याला दुसरं काम हाय.

ते काम काय, ते तुला कळंल.

बनुबाई

•

बोरखडी, ता. २९ ऑगस्ट १९४८

जोतीराम,

तुझी दोन्ही पत्रं आली. पयल्यात धमकी, दुसऱ्यात "वहिनी, तुम्ही मला आईसारख्या." तुझी आई असती तर तिनं तुला आधी कानफटात दिली असती, मग जेवाया वाढलं असतं. मी पयलंच काम करीन म्हणते, भेटलास तर.

काल आमी विट्याला गेलो. मी, साळू, कोंडीबा आणि तात्याबा पाटील. म्हाताऱ्याला मी बैलगाडीत गवतावर बसवलं. त्यो वाटभर म्हणत हुता, "बाई, मी तवाच जोतीरामला म्हटलं हुतं, असं करू नको." मी म्हटलं, तात्याबा, ते आता सायबाला सांगा, मला सांगून काय उपेग.

कारकून बरा माणूस हुता. तांबूल खाऊन बोलत हुता पण समजावून सांगत हुता. त्येनं नोंद काढली. इचारलं, काय बदलायचं? मी म्हटलं, आईचं नाव. त्यो म्हणाला, आई साळूबाई लावायची तर बाप तिचा नवरा लावावा लागंल, आई म्हणून एकीचं नाव आणि बाप म्हणून दुसरीच्या नवऱ्याचं, असं सरकारात चालत न्हाई.

मला ठावं हुतं. तरी त्येनं मोठ्यानं म्हटलं तवा मी टेबलाची कड धरली. साळूला ते कळलं. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आक्का. तुमचंच ऱ्हाऊ द्या. दाजीसायबांचं नाव ऱ्हाऊ द्या. मला बघाया मिळालं, बास झालं." आणि ती खरंच उठली, दाराकडं निघाली. तू तिला दहा वर्सांत एवढं शिकवलंस की जे मिळंल तेवढ्यावर बास म्हणायचं.

मी तिला खेचून परत बसवलं. म्हटलं, गप बस आणि बोटाला शाई लाव.

तिनं जबानी दिली. अडखळत दिली पण समदी दिली. उकिरडा, सूप, चावडी, गाडी, तप. कारकुनाचा तांबूल चघळायचा थांबला. मग तात्याबानं सांगितलं की खबर जोतीरामनंच दिली, मी नको म्हणत असताना दिली. मग मी. मला इचारलं, हे मूल तुमच्या पोटी जन्मलं का? मी म्हटलं, न्हाई. एवढाच शबुद. दहा वर्सांत मी त्यो कवा तोंडातनं काढला नव्हता.

कारकुनानं तांबडी शाई घेतली. आधी माझं नाव खोडलं, एकच रेघ. मग आकारामचं. मी बघत हुते. मनात म्हटलं, मला माफी कर, तुझं हितंबी आता काही राहिलं न्हाई. मला रडू आलं आणि मी रडले, कचेरीत, चार लोकांपुढं. तुझ्यासारख्याचं नाव त्येच्या जागी लिवलं जाताना बघावं लागलं त्येचं तर निराळंच. कोंडीबा बाकावरनं उठला आणि माझ्याजवळ येऊन हुबा राहिला.  माझ्या लुगड्याचा काठ धरला, ल्हान असताना धरायचा तसा.

शेवटी कारकून म्हणाला, अर्जात मुलाचं नाव अनंत करायचंय असं आधी कळवलेलं दिसतंय, ते करू का? मी पोराकडं बघितलं. साळूनं पोराकडं बघितलं. त्यो म्हणाला, "कोंडीबाच ऱ्हाऊ द्या. मास्तर हजेरी तशीच घेत्यात." कारकून हसला. ते तसंच ठेवलं.

तर झालं बघ तुझ्या मनासारखं. तुझ्या तीन दुरुस्त्यांपैकी दोन झाल्या. बाप म्हणून आता सरकारी दप्तरात तुझं नाव हाय. नक्कल सोबत पाठवलीया, तुझ्या सायबाला दाखव, भितीला लाव. त्याच कागदावर मामलेदार सायबानं शेरा मारलाय की खोटी खबर देणाऱ्याला समज देण्यासाठी बोलवावं. बोलावणं येईल तवा जा. छत्री घेऊन जा. 

आता पत्रात इचारलंयस, पोराला कवा पाठवता. पाठवत न्हाई. कायद्यानं तू बाप हायस, तुला न्हेता येईल, ते मला कारकुनानं सांगितलंय. मग ये. चावडीपुढं समद्या गावाला गोळा करते, साळूला मधी बसवते, आणि तू तिच्या तोंडाकडं बघून सांग की तिला दहा वर्सं पोर का बघू दिलं न्हाईस. ते सांगून झालं की पोराला हाताला धरून खुशाल ने. मी आडवी येणार न्हाई. पण तू येणार न्हाईस, मला ठावं हाय. तेवढ्यासाठी काळीज लागतंय.

साळूला न्ह्यायलाबी येऊ नको. ती हितंच राहणार हाय. मी तिला ऱ्हा म्हटलं न्हाई, जा म्हटलं न्हाई. काल परत येताना गाडीत तिनं सोताच सांगितलं. तिनं एकच काम सांगितलंय तुला, ते लिवते.

तिची लोखंडी पेटी माळ्यावर हाय. ती विट्याच्या मोटारीवर टाकून दे, मी उतरून घेते. आत तिची दोन लुगडी हायत, आणि त्याखाली पोराचे सदरे हायत. दर दिवाळीला एक शिवला तिनं, पोरगं एवढं झालं असंल, आता एवढं झालं असंल असा अंदाज घेत. तू समोर बसून चहा पीत हुतास आणि बघत हुतास, तिनंच सांगितलं. इचारलंसुदिक हुतंस म्हणं, "कुणासाठी?" तिनं सांगितलं, आणि तू गप बसलास.

समदे सदरे पाठव. एकबी काढून ठेवू नको. शेवटचा तरी त्येला बसतोय का, ते आमाला बघायचं हाय.

बनुबाई